तक्रार कुणी केली?

रात्री पाऊण वाजता आमच्या जिन्यात बीट मार्शल उभा होता आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होता, "११२ ला फोन कुणी केला? तक्रारदार कोण आहे?"

तक्रारदार मी होतो. वरच्या मजल्यावरचा आवाज तोवर बंद झाला होता, कारण खाली मोटरसायकल थांबलेली त्यांनी गॅलरीतून बघितली होती. वरचं दार उघडलं, दोन डोकी बाहेर आली, आणि मी हात वर केला. शाळेत मास्तरांनी विचारल्यावर करतो तसा. मार्शल म्हणाला, "साहेब, आता तर काहीच आवाज नाही. आणि हा बाजाराचा भाग आहे, इथं थोडंफार चालायचंच." वरची डोकी हसली. दार लागलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता घरमालकांचा फोन. "अहो पत्रकारसाहेब, पोलीस वगैरे कशाला? वरचे आमचे जुने संबंधातले आहेत. मला कटकट नको बुवा. दोन महिन्यांनी एग्रीमेंट संपतंयच, तेव्हा बघू काय ते."

धमकी नाही, शिवी नाही. अगदी पुणेरी सभ्यपणे मला सांगितलं गेलं की तुमची झोप तुमच्याकडे, घर आमच्याकडे.

आता स्पष्टच लिहितो. मी मूळ बार्शीचा. डिप्लोमा केला, तालुक्याला बातमीदारी केली, मुलीच्या शिक्षणासाठी पुण्यात आलो. गेली दोन वर्षं मंडईच्या मागे, एका जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. आईही असते सोबत, वय ७६.

मंडईत राहायला आलो तेव्हाच लोक म्हणाले होते, तिथं झोप लागेल का? लागते की! पहाटे मार्केट यार्डातून माल घेऊन टेम्पो येतात. क्रेट आपटतात, हमालांची हाकाहाक होते, कुणीतरी चहावाल्याला आवाज देतो. सकाळ झाली की मेथी, कोथिंबीर, 'या ताई, या काकू'. संध्याकाळी तुळशीबागेतली गर्दी इकडे सांडते. बाजार म्हटलं की हे आलंच. १८८६ पासून ही मंडई उभी आहे, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. सव्वाशेच्या वर वर्षं इथं लोक भाजी विकतायत, ओरडूनच विकतायत. त्या आवाजाबद्दल माझी तक्रार नाही. त्या आवाजामागे कुणाचं तरी पोट आहे, आणि त्याला वेळ आहे. रात्री दहाला मंडई गप्प होते. आई म्हणते, "बार्शीच्या स्टँडपेक्षा शांत आहे की हे."

माझी तक्रार आहे ती डोक्यावरच्या आवाजाबद्दल. वरचा फ्लॅट मालकीचा. घरात दोन तरुण मुलं, मोठा टीव्ही, त्याला जोडलेले स्पीकर आणि तो सबवूफर नावाचा डबा. आठवड्यातून चार दिवस रात्री साडेदहाला सुरू, दीड-दोनला बंद. गाण्याचे शब्द खाली ऐकू येत नाहीत, फक्त धाप धाप येते. स्लॅबमधून, भिंतीतून, पलंगाच्या पायातून. कानात कापूस घातला तरी छातीत वाजते. हा खर्जातला आवाज भिंतीला जुमानत नाही, आणि आवाज मोजायची जी नेहमीची पद्धत आहे, डेसिबल ए, तिच्यात तो कमीच मोजला जातो. मीटरवर दिसतो त्यापेक्षा तो जास्त छळतो.

पण मला आज स्पीकरवर लिहायचं नाही. मला लिहायचंय ते 'तक्रार कुणी केली' या प्रश्नावर.

आमच्याच मजल्यावर समोर तीन मुली राहायच्या. नर्स. तिघींनाही आलटून पालटून नाइट ड्यूटी. रात्रभर दुसऱ्यांची दुखणी काढायची आणि सकाळी घरी येऊन झोपायचं. वरच्यांचं कॉलेज दुपारी सुटलं की डबा दुपारीही चालू. त्यातली एक मुलगी दोनदा वर जाऊन गोड बोलून आली. तिसऱ्यांदा ती सोसायटीच्या चेअरमनकडे गेली. चेअरमननी वर काही सांगितलं नाही, त्या मुलींच्या घरमालकाला फोन केला. मालकाने मुलींना सांगितलं, मला घर घरच्यांसाठी पाहिजे. एग्रीमेंट पुढे वाढलं नाही. महिन्याभरात त्या घरात नवे भाडेकरू आले, भाडं दोन हजारांनी जास्त. घरचे म्हणजे बहुतेक तेच असावेत.

जाताना ती मुलगी पिशव्या खाली नेत होती. मला म्हणाली, "दादा, तुम्ही पत्रकार ना? तुम्हालाही त्रास होत होता. तुम्ही का नाही बोललात?"

मी म्हणालो, "बघतो."

वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या अन्यायाच्या बातम्या केल्या. पाण्याचे टँकर, रेशनचं धान्य, शाळेचं गळकं छप्पर. प्रत्येक बातमीत मी लिहिलंय, 'नागरिकांनी पुढे येऊन तक्रार करावी'. आणि माझ्या डोक्यावर धाप धाप चालू असताना मी सात महिने गप्प होतो. का? कारण मुलीची बारावी. कारण डिपॉझिट अडकलेलं. कारण या पेठेत याच भाड्यात दुसरं घर मिळायला दलाली, सामान हलवणं, पुन्हा डिपॉझिट. फोन केला तो त्या मुली गेल्यावर दोन महिन्यांनी. अपराधी वाटत होतं म्हणून.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. कारण 'कायदाच नाही हो' असं म्हणून लोक मोकळे होतात. कायदा आहे, आणि बरा आहे.

केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात दिवसा ६५, रात्री ५५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. तुमच्या खासगी साउंड सिस्टिमचा आवाज तुमच्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलच्या वर जाता कामा नये, असंही त्यात लिहिलंय. म्हणजे 'आमचं घर, आमची दारं बंद, आम्ही आत काहीही करू' हे चालत नाही. आणि मार्शल म्हणतो तसा हा भाग बाजाराचा धरला तरी रात्रीची मर्यादा ५५ आहे. बाजाराचा भाग आहे म्हणून मर्यादाच नाही, असं कुठल्याही नियमात नाही. मंडईच्या आसपास खाली दुकान, वर बिऱ्हाड असा मिश्र मामला आहे. असा भाग कोणत्या गटात धरायचा हे ठरवायचं काम सरकारचं आहे, रात्री पाऊण वाजता जिन्यात उभं राहून ठरवायचं नाही.

रात्रीचे निर्बंध मोडले, किंवा आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल वा जास्त गेला, तर कुणीही व्यक्ती तक्रार करू शकते. नियमातला शब्द 'व्यक्ती' आहे. 'मालक' नाही, 'सभासद' नाही, 'मूळचा पुणेकर' तर नाहीच.

सुप्रीम कोर्टाने १८ जुलै २००५ च्या निकालात तर पार सोलून सांगितलंय की स्वतःच्या जागेतसुद्धा, शेजाऱ्याला त्रास होईल असा बाहेर जाणारा आवाज करायचा हक्क कुणालाही नाही. शांतपणे जगणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ते प्रकरण कोर्टात कशामुळे गेलं माहीत आहे का? एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला, आणि शेजारच्या लाउडस्पीकरच्या आवाजात तिच्या किंकाळ्या कुणाला ऐकूच आल्या नाहीत. पुढे त्या मुलीने स्वतःला जाळून घेतलं. 'एवढं काय त्या आवाजाचं' असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा आठवावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातल्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल दिला. विषय प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांचा होता. बातम्यांमध्ये भोंगेच गाजले, कारण त्यावर राजकारण करता येतं. पण त्या निकालात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. कोर्टाने पोलिसांना सांगितलं की तक्रारदाराची ओळख न विचारता, न पडताळता कारवाई करा, म्हणजे तक्रार करणाऱ्याला कुणी लक्ष्य करणार नाही.

कोर्टाला जे कळलं ते आमच्या जिन्यात का कळत नाही? भोंग्याबद्दल तक्रार करणाऱ्याला जी भीती असते तीच वरच्या फ्लॅटबद्दल तक्रार करणाऱ्याला असते. उलट जास्तच. भोंगा गल्लीच्या टोकाला असतो, वरचा शेजारी लिफ्टमध्ये रोज भेटतो. आवाज मोजायला तक्रारदाराचं नाव कशाला लागतं? मीटरला नाव लागत नाही. ११२ ला नंबर दिसतोच, तो त्यांच्याजवळ राहू दे. जिन्यात पुकारा कशासाठी?

आता मुद्द्याच्या मुळाशी येतो. भाडेकरू गप्प का बसतो? अकरा महिन्यांमुळे.

हा अकरा महिन्यांचा प्रकार आपण देवाचा नियम असल्यासारखा पाळतो. बारा महिन्यांखालचा करार नोंदवावा लागत नाही, म्हणून अकरा, ही त्यामागची जुनी युक्ती. पण महाराष्ट्रात ती युक्ती चालतच नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा वा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो, मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा. म्हणजे तीन वर्षांचा करार केला तरी मालकाचं घर कुठं पळून जात नाही.

मग अकराच का? कारण दर अकरा महिन्यांनी भाडेकरू हात जोडून समोर उभा राहिला पाहिजे. भाडं वाढवायला बरं पडतं, आणि तोंड बंद ठेवायला त्याहून बरं पडतं. अकरा महिन्यांचा करार हे दावं आहे. गाय कितीही मोठी असो, दाव्याएवढंच फिरते.

आणि कायद्याची गंमत बघा. शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं भाडेकरूने वागलं, तर त्याच कायद्याच्या कलम १६ खाली मालक त्याला बाहेर काढायला कोर्टात जाऊ शकतो. भाडेकरू गोंगाट करील तर घर जाईल. मालक गोंगाट करील तर? भाडेकरूचंच घर जाईल! दोन्ही वेळा सामान आमचंच टेम्पोत.

सोसायटीचं म्हणाल तर भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर ते घेता येत नाही, ही मर्यादा सरकारने २००१ सालीच घातली. पैसे मालक भरतो, पण भाड्यात ते आमच्याकडूनच निघतात. म्हणजे आम्ही राहतो म्हणून जादा पैसे जमा होतात, पण सभेत आम्हाला मत नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही नाही, आणि तक्रार घेऊन गेलो तर चेअरमन आमच्याशी बोलत नाही, आमच्या मालकाला फोन लावतो. बापाला शाळेत बोलावतात तसं.

आता मला कमेंटमध्ये काय काय ऐकवलं जाणार ते माहीत आहे. आधीच उत्तर देऊन ठेवतो.

एक. "पेठेत राहायचं तर सहन करा, गणपतीत काय कराल?" अहो, विसर्जन मिरवणूक इथूनच, मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते. २८-३० तास चालते. लक्ष्मी रस्त्यावर अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं दरवर्षी आवाज मोजतात, आणि तो आकडा मर्यादेच्या कितीतरी पुढे असतो. त्यावर मी वेगळं लिहिलंय, पुन्हा लिहीन. पण सणासाठी सरकार वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, बाकीच्या ३५० दिवसांचं काय? गणपतीच्या नावावर वरच्या पोरांचा सबवूफर कशाला खपवता? गणपतीचा आणि त्या डब्याचा संबंध काय?

दोन. "एवढा त्रास होतो तर स्वतःचं घर घ्या." घेतो. पेठेतला भाव तुम्हीच सांगा, आणि तालुक्याच्या बातमीदाराचा पगारही मी सांगतो. मग दोघं मिळून हिशोब करू. झोप ही घर विकत घेणाऱ्यालाच मिळणारी सवलत आहे का?

तीन. "भाडेकरूच जास्त धिंगाणा करतात. बॅचलर पोरं ठेवली की बघा." यात तथ्य आहे, नाकारत नाही. भाड्याच्या फ्लॅटमध्ये रात्रभर पार्ट्या होतात, खाली म्हातारी माणसं तळमळतात, हे मी बघितलंय. तिथंही हाच नियम लावा की. ४५ म्हणजे ४५. पण भाडेकरूच्या घरी आवाज झाला की सोसायटी दहा मिनिटांत दारात असते, आणि मालकाच्या घरी झाला की 'आपापसात मिटवा' म्हणते, त्याला नियम म्हणत नाहीत. त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात.

चार. "आधी जाऊन प्रेमाने बोलायचं ना." बोललो. त्या मुलीही बोलल्या. पहिल्यांदा प्रेमानेच बोलावं, या मताचा मीही आहे. बऱ्याचदा माणसाला खरंच कळत नसतं की खाली एवढं जातंय. पण तीनदा बोलूनही जो डबा भिंतीपासून एक वीतभर सरकवत नाही, त्याला कळत नाही असं नाही. त्याला पर्वा नाही, कारण त्याला माहीत आहे की खालचा अकरा महिन्यांचा पाहुणा आहे.

मग माझी मागणी काय? फार मोठी नाही.

पोलिसांनी आवाजाच्या तक्रारीवर जाताना तक्रारदाराचं नाव जिन्यात विचारू नये. खालीच दोन मिनिटं थांबून ऐकावं, नोंद करावी, मग वर जावं. ज्याच्याकडे मीटर आहे त्याने मीटर घेऊन यावं.

भाडेकरूंनी पुढचा करार करताना दोन-तीन वर्षांचा मागावा. भाडं दरवर्षी किती वाढेल ते आधीच लिहून घ्यावं. मालक नाही म्हणेल, पण दहा जणांनी मागितलं तर अकरावा मालक हो म्हणेल. तारीख-वेळ लिहून ठेवावी, आवाजाचं रेकॉर्डिंग ठेवावं, सोसायटीला लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. मोबाइल ॲपवरचा आकडा पुरावा म्हणून टिकेलच असं नाही, पण तीस तारखांची वही बोलते.

आणि तिसरी मागणी तुमच्याकडे. ज्यांचं घर स्वतःच्या नावावर आहे त्यांच्याकडे. आमच्या इमारतीत बारा फ्लॅट आहेत. वरचा आवाज किमान पाच घरांना जातो. त्यातली तीन घरं मालकांची. ती नर्स मुलगी चेअरमनकडे एकटी गेली होती. मी फोन केला तेव्हा एकटाच होतो. दुसऱ्या मजल्यावरचे काका नंतर मला लिफ्टमध्ये म्हणाले, "बरं केलंत हो, आम्हालाही झोप नव्हती." काका, तुम्हाला कुणी घराबाहेर काढणार नव्हतं. फोन तुम्ही करायला हवा होता.

हे सगळं मी आज का लिहितोय, तेही सांगतो, लपवत नाही. कारण परवा ३१ तारखेला मी हे घर सोडतोय. टेम्पो ठरलाय, डिपॉझिट परत मिळालंय. दोन महिन्यांपूर्वी हे लिहायची माझी हिंमत झाली नसती. नवं घर बघताना पहिला प्रश्न विचारला, वर कोण राहतं? दुसरा विचारला, दोन वर्षांचा करार कराल का? मालकांनी दोन दिवस घेतले आणि हो म्हणाले.

ती मुलगी आता कुठं राहते मला माहीत नाही. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सात महिने उशिरा देतोय, तेही सामान बांधून झाल्यावर. म्हणून माझं सोडा. आज रात्री तुमच्या इमारतीत कुणाच्या तरी डोक्यावर धाप धाप चालू असेल, आणि खालचा भाडेकरू फोन हातात घेऊन विचार करत बसला असेल. तुमचं घर तुमच्या नावावर आहे ना? मग तो फोन तुम्ही करा. आणि जिन्यात कुणी विचारलं, "तक्रार कुणी केली?", तर चार मजल्यांवरून चार दारं उघडू देत.